सिंहलद्वीपातील आर्द्र आणि शुष्क प्रदेश

श्रीलंकेच्या भूगोलावरील कोणताही ग्रंथ उघडला असता त्यात त्या देशाचे दोन मुख्य विभाग पाडलेले आढळतात. नैर्ऋत्येकडील सुमारे एक-चतुर्थांश भाग तो 'आर्द्र प्रदेश', आणि बेटाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग व्यापणारा तो 'शुष्क प्रदेश'. दोहोंच्या दरम्यान एक अरुंद संक्रमण-पट्टा आहे. ही नावे महाराष्ट्रातील वाचकास प्रथम काहीशी चकवतात. शुष्क प्रदेशाच्या मध्यावर वसलेल्या अनुराधपुर येथे वर्षाकाठी सरासरी सुमारे १,३०० मि. मी. पाऊस पडतो, पुणे शहरात पडणाऱ्या पावसाच्या हे प्रमाण दुपटीच्या जवळ जाते. एवढ्या पावसाच्या मुलखास आपल्याकडे कोणी कोरडा म्हणणार नाही. दुसरी गोष्ट याहूनही नवलाची आहे. सिंहली राज्यांच्या प्राचीन राजधान्या, अनुराधपुर आणि पोलोन्नरुव, या दोन्ही त्या शुष्क प्रदेशातच होत्या. दीड सहस्र वर्षे बेटावरील दाट वस्ती, भातशेती व राजसत्ता यांचे केंद्र तेथेच होते. आज मात्र लोकसंख्येचा मोठा भाग आर्द्र प्रदेशात एकवटलेला आहे. पश्चिम प्रांताने देशाची जेमतेम साडेपाच टक्के भूमी व्यापली आहे. २०१२ च्या जनगणनेप्रमाणे देशातील दर शंभर माणसांपैकी अठ्ठावीस त्या प्रांतात राहत होती. ज्या प्रदेशाने नगरे उभारली तो कोरडा का म्हणावा, आणि तो कोरडा असेल तर नगरे तेथेच का उभी राहिली, हे दोन प्रश्न या बेटाच्या भूगोलाच्या मुळाशी आहेत. त्यांची उत्तरे बेटाची घडण, त्यावरून वाहणारे वारे आणि पावसाचे वेळापत्रक यांत शोधावी लागतात.

श्रीलंका हे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे सहा ते दहा अंशांच्या दरम्यान असलेले बेट होय. त्याचे क्षेत्रफळ ६५,६१० चौ. कि. मी., म्हणजे महाराष्ट्राच्या एक-पंचमांशाहून थोडे अधिक. दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४३० कि. मी. आणि कमाल रुंदी सुमारे २२५ कि. मी. आहे. भारतापासून त्यास विभागणारी पाल्कची सामुद्रधुनी अत्यंत उथळ आहे. गेल्या हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली असताना हे बेट भारतीय द्वीपकल्पाशी जमिनीने जोडलेले होते. रामसेतू या नावाने परिचित असलेली वाळूच्या व चुनखडीच्या उथळ पट्ट्यांची ओळ धनुष्कोडी आणि तलैमन्नार यांच्या दरम्यान आजही दिसते. तेथील अंतर सुमारे ३० कि. मी. आहे. धनुष्कोडीचा रेल्वेमार्ग आणि धक्का १९६४ च्या डिसेंबरातील चक्री वादळाने उद्ध्वस्त होईपर्यंत मद्रासहून कोलंबोस जाणारा उतारू तेथे आगगाडीतून उतरून बोटीत चढत असे.

भूरचनेच्या दृष्टीने श्रीलंका हा भारतीय द्वीपकल्पाचाच तुटलेला तुकडा आहे. बेटाचा सुमारे नऊ-दशांश भाग कँब्रियनपूर्व काळातील अतिप्राचीन स्फटिकमय रूपांतरित खडकांचा बनलेला असून तशाच प्रकारचे खडक केरळ व तमिळनाडूमध्ये आढळतात. गोंडवन या प्राचीन महाखंडात भारत, मादागास्कर आणि पूर्व अंटार्क्टिका यांच्या बेचक्यात या भूमीचे स्थान होते. उत्तरेकडील जाफना द्वीपकल्प आणि वायव्य किनारा एवढ्याच भागात या प्राचीन पायावर पुढील काळातील चुनखडीचा थर बसलेला आहे. या अपवादाचा विचार पुढे स्वतंत्रपणे करावा लागेल.

या प्राचीन खडकांवरील भूपृष्ठ तीन पायऱ्यांनी चढत जाते. किनाऱ्यालगतचे सखल मैदान ही पहिली पायरी होय. त्यावर सुमारे पाचशे मीटर उंचीच्या आसपास दुसरी, आणि बेटाच्या दक्षिणमध्य भागात दीड ते अठराशे मीटरांवर तिसरी पायरी आहे. कॅनेडियन भूवैज्ञानिक फ्रँक डॉसन अ‍ॅडम्स यांनी १९२९ मध्ये या पायऱ्यांकडे प्रथम लक्ष वेधले व क्रमाक्रमाने झालेल्या उत्थानानंतर झिजून समप्राय झालेली ती तीन मैदाने आहेत, असे प्रतिपादन केले. पुढे दाराशा नोशेरवान वाडिया यांनी वेगळा विचार मांडला. हिमालयाच्या संशोधनासाठी विख्यात असलेले वाडिया १९३८ पासून काही वर्षे सिंहलद्वीप सरकारच्या सेवेत भूवैज्ञानिक होते. मूळ मैदान एकच असून त्याचे मोठाले खंड प्रस्तरभंगांच्या अनुरोधाने वर उचलले गेल्यामुळे या पायऱ्या निर्माण झाल्या, असे त्यांचे मत होते. नंतरच्या अभ्यासकांनी दोन्ही मतांना मुरड घातली आहे. पायऱ्या कशाही उत्पन्न झालेल्या असोत, त्यांच्यामुळे बेटाच्या पोटात एक भिंत उभी राहिली, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. पिदुरुतलागला हे सर्वोच्च शिखर २,५२४ मी. उंच आहे, होर्टन प्लेन्सच्या पठाराचा दक्षिणेकडील कडा काही शे मीटर सरळ खाली कोसळतो. ही भिंत बेटाच्या बरोबर मध्यावर नसून दक्षिणेकडे सरकलेली आहे. उत्तरेचा विस्तीर्ण भाग जवळजवळ सपाट असून त्यात मधूनमधून उघड्या खडकांचे एकाकी उंचवटे तेवढे दिसतात. सीगिरीयाचा प्रसिद्ध दुर्ग अशाच एका खडकावर बांधलेला आहे.

मध्यवर्ती डोंगरापासून नद्या चाकाच्या आऱ्यांप्रमाणे सर्व दिशांनी वाहतात. बेटावर लहानमोठी १०३ नदीखोरी गणली जातात. त्यांतील बहुसंख्य नद्या आखूड असून शुष्क प्रदेशातील कित्येक वर्षाचे काही महिने कोरड्या पडतात. कोलंबोजवळ समुद्रास मिळणारी केलनी आणि तिच्या दक्षिणेची कलुगंगा या आर्द्र प्रदेशातील नद्या लांबीने मोठ्या नसूनही अतोनात पाणी वाहून नेतात. रत्नपुराच्या परिसरात, कलुगंगेच्या खोऱ्यात, गाळाखाली दडलेल्या गोट्यांच्या थरातून नीलमणी व इतर रत्ने काढली जातात. डोंगरातील प्राचीन खडक झिजून ती तेथे येऊन साठली आहेत. या सर्वांत महावेली ही एकच नदी लांबीने (३३५ कि. मी.) व खोऱ्याच्या विस्ताराने खऱ्या अर्थाने मोठी. तिचा प्रवाह मोठा चमत्कारिक आहे. उगम डोंगराच्या पावसाळी अंगास, तेथून उत्तरेस कँडीपर्यंत, मग एकदम पूर्वेस वळून डोंगर उतरणे, आणि शेवटी शुष्क प्रदेशातून उत्तरेस वाहत त्रिंकोमालीजवळ समुद्रास मिळणे, असा तिचा मार्ग आहे. आर्द्र प्रदेशाचे पाणी शुष्क प्रदेशात नेणारी ही बेटावरील सर्वांत मोठी नैसर्गिक वाट होय.

आता पावसाकडे वळावे. तापमानाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. कोलंबोचे सरासरी तापमान २७ अंश सेल्सियस असून सर्वांत उष्ण व सर्वांत थंड महिन्यांत जेमतेम दोन अंशांचा फरक पडतो. थंडी हवी असेल तर उत्तरेस न जाता वर चढावे लागते. सुमारे १,८७० मी. उंचीवरील नुवर एलियाचे सरासरी तापमान १६ अंशांच्या आसपास आहे. तेव्हा या बेटावर ऋतू ठरतात ते उष्णतेवरून नव्हे, तर वाऱ्याच्या दिशेवरून.

असे ऋतू चार. मे ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वारे. या दोहोंच्या मधले दोन संधिकाळ, मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, हेही पावसाचेच असतात. त्या वेळी दुपारनंतर मेघगर्जनेसह सरी कोसळतात, आणि दुसऱ्या संधिकाळात बंगालच्या उपसागरातील कमी दाबाची क्षेत्रे त्यात भर घालतात. नैर्ऋत्य वारे डोंगरास अडतात व पश्चिम उतारावर प्रचंड वृष्टी करतात. वटवला, गिनिगत्हेन या बाजूस वार्षिक पाऊस ५,००० मि. मी. च्या घरात जातो. डोंगर ओलांडून पलीकडे उतरणारा तोच वारा कोरडा व ऊन होऊन पूर्वेच्या सखल भागावर वाहतो. तेथील लोक त्यास 'कच्चान' म्हणतात व त्याच्या झळांना कंटाळतात. सह्याद्रीच्या माथ्यावरील महाबळेश्वर आणि पायथ्याचे वाई यांच्यात जो फरक आहे तोच येथेही आहे. मात्र दख्खनच्या वाट्यास न आलेली एक गोष्ट या बेटास लाभली. ईशान्य वारे उपसागरावरून येताना बाष्प घेऊन येतात, त्यामुळे हिवाळ्यात डोंगराची पूर्व बाजू भिजते व पश्चिम बाजूचा पाऊस उणावतो. चहाच्या व्यापाऱ्यांस हे चक्र चांगले ठाऊक आहे. पूर्वेकडील उवा प्रांतातील उत्तम चहा जुलै ते सप्टेंबर या कोरड्या वाऱ्याच्या दिवसांत तयार होतो, तर पश्चिम उतारावरील दिंबुलाचा उत्तम चहा जानेवारी ते मार्चमध्ये. श्रीपाद शिखराची यात्राही डिसेंबर ते मे या काळातच भरते. समुद्रावरही हीच विभागणी चालते. पश्चिम किनारा खवळला की तेथील कित्येक कोळी होड्या-जाळ्यांसह पूर्व किनाऱ्यावर मुक्कामास जातात आणि वारा फिरला की परततात.

पर्जन्यच्छाया एवढ्याच कारणाने मात्र शुष्क प्रदेशाचा पुरता उलगडा होत नाही. मन्नार हे पश्चिम किनाऱ्यावर आहे. नैर्ऋत्य वारा तेथे सरळ समुद्रावरून येतो, त्याच्या वाटेत कोणताही डोंगर नाही. तरीही तेथे वर्षाला १,००० मि. मी. हूनही कमी पाऊस पडतो. याचे कारण उत्तरेच्या मैदानाचा सपाटपणा हे होय. वाऱ्यास वर चढविणारे तेथे काहीच नाही, म्हणून बाष्पाने भरलेला वारा मैदानावरून तसाच निघून जातो. पाठ्यपुस्तकांत हा भाग सरसकट 'डोंगराच्या आडोशाचा' म्हणून सांगितला जातो, ते अपुरे आहे. पूर्वेच्या पट्ट्यात डोंगर वाऱ्यातील पाणी हिरावून घेतो. उत्तरेत डोंगरच नाही, म्हणून वाऱ्यातील पाणी खाली उतरत नाही.

आता 'शुष्क' या शब्दाचा अर्थ नीट लावता येईल. अनुराधपुराचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडतो. एप्रिलमध्ये थोड्या सरी येतात. त्यानंतर जून ते सप्टेंबर हे महिने जवळजवळ कोरडे जातात, आणि त्याच महिन्यांत वारा व ऊन यांचा जोर असतो. मोकळ्या पाण्याच्या पृष्ठावरून वर्षभरात होऊ शकणारे बाष्पीभवन तेथे वर्षभरात पडणाऱ्या पावसाहून अधिक भरते. शिवाय खालचा स्फटिकमय खडक पाणी फारसे मुरू देत नाही व साठवून ठेवत नाही, त्यामुळे विहिरींवर भिस्त ठेवता येत नाही. वरची तांबूस-तपकिरी जमीन वाळली की दगडासारखी टणक आणि भिजली की चिकट होते. ती नांगरण्याजोगी व्हावी म्हणून पहिल्या पावसाची वाट पाहावी लागते, व तेवढा पाऊस पेरणीच्या दृष्टीने वाया जातो. भर म्हणजे हा पाऊस लहरी आहे. एखाद्या वर्षी दोन-तीन दिवसांत पूर येतो, तर दुसऱ्या वर्षी सबंध हंगाम कोरडा जातो. येथील उणीव पाण्याच्या एकूण प्रमाणाची नसून ते येण्याच्या वेळेची आहे. हिवाळ्यातील पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकविता आले तर येथील सपाट भूमी व स्वच्छ ऊन भाताला आर्द्र प्रदेशाच्या डोंगराळ, ढगाळ व गच्च अरण्याच्या मुलखाहून अधिक मानवते. प्राचीन राजधान्या येथे का उभ्या राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते.

पाणी टिकविण्याचे साधन म्हणजे तलाव. सिंहली भाषेत त्यास 'वेव' म्हणतात. खोलगट भागाच्या तोंडाशी मातीचा बांध घालून ओढ्याचे पाणी अडवावयाचे, बांधातील मोरीतून ते खालच्या भातखाचरांस द्यावयाचे, अशी साधी योजना. हे तलाव एकेकटे नसतात. एकाच लहान खोऱ्यात ते एकाखाली एक असे माळेसारखे असून वरच्या खाचरांतून निथळलेले पाणी खालच्या तलावात जमा होते व पुन्हा वापरले जाते. या माळेस 'एल्लंगाव' म्हणतात. १९८५ मध्ये भूगोलज्ञ मद्दुम बंडार यांनी या रचनेचे शास्त्रीय वर्णन केल्यावर तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष गेले. प्रत्येक तलावाच्या वरच्या अंगास वारा अडविणारी झाडे, पाण्याबरोबर येणारा गाळ गाळून घेणारा गवताचा पट्टा, आणि बांधाच्या खाली, पाझरणाऱ्या पाण्यातील क्षार शोषून घेणाऱ्या झाडाझुडपांचा पट्टा, ही सर्व तलावाचीच अंगे मानली जात. विदर्भात भंडारा-चंद्रपूरकडील मालगुजारी तलाव पाहिलेल्यास हे चित्र सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. असे दहा हजारांहून अधिक लहान तलाव श्रीलंकेत आजही वापरात आहेत.

या तलावांच्या जोडीने वाढलेल्या एका प्रथेचा उल्लेख अवश्य केला पाहिजे. तिचे नाव 'बेत्म'. ज्या वर्षी तलावात पाणी कमी असते, त्या वर्षी सर्व खाचरे न पेरता केवळ बांधालगतची खाचरे पेरावयाची, आणि त्या तुकड्याची वाटणी त्या हंगामापुरती गावातील सर्व खातेदारांत, ज्याच्या-त्याच्या मूळ धारणेच्या प्रमाणात, करावयाची. बांधालगत ज्याची जमीन असेल त्याचाच लाभ व्हावा आणि टोकाकडील कुटुंबाने उपाशी राहावे, असे घडत नाही. पाऊस आला की प्रत्येक जण आपापल्या जमिनीवर परततो. पाणी थोडे म्हणून जमिनीवरील हक्क एका हंगामापुरता बाजूस ठेवण्याची ही तोड कोणत्याही कायदेपंडिताच्या कल्पकतेहून कमी नाही.

लहान तलावांच्या वर राजांनी बांधलेले प्रचंड जलाशय होते. तिसऱ्या-चौथ्या शतकांच्या संधीवर राज्य करणाऱ्या महासेनाचा मिन्नेरिया, पाचव्या शतकातील धातुसेनाचा कलावेव आणि बाराव्या शतकातील पहिल्या पराक्रमबाहूचा पराक्रमसमुद्र ही त्यांतील ठळक नावे. कलावेवपासून अनुराधपुराच्या तिस्सवेव तलावापर्यंत पाणी नेणारा 'जयगंगा' हा पाट ८७ कि. मी. लांबीचा असून त्याच्या प्रारंभीच्या सुमारे २७ कि. मी. अंतरात उतार दर किलोमीटरला केवळ दहा सेंटीमीटरांच्या आसपास आहे. दुर्बिणीच्या साहाय्यावाचून इतका सूक्ष्म उतार साधणाऱ्यांचे मोजमाप कसे असेल, याचे स्थापत्यतज्ज्ञांस आजही कुतूहल वाटते. मोऱ्यांच्या आत पाण्याचा दाब आवरण्यासाठी दगडी चौकोनी हौद बांधलेले असत. त्यांस 'बिसोकोटुव' म्हणतात. हेन्री पार्कर या ब्रिटिश अमदानीतील पाटबंधारे अभियंत्याने १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या योजनेची मोठी वाखाणणी केली आहे.

तेराव्या शतकानंतर हे सर्व ओस पडले. १२१५ च्या सुमारास कलिंगाच्या माघाची स्वारी झाली, पोलोन्नरुव पडले, आणि सिंहली राजसत्ता पायरीपायरीने नैर्ऋत्येकडे सरकत गेली. बांध फुटले, खाचरांवर अरण्य चढले. या ऱ्हासाच्या कारणांविषयी विद्वानांत मतभेद आहेत. रोड्स मर्फी यांनी १९५७ च्या एका निबंधात स्वाऱ्या, जलव्यवस्था राखणाऱ्या राजयंत्रणेचा मोड आणि हिवताप या कारणांची एकत्र छाननी केली. त्याच वर्षी कार्ल विट्फोगेल यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मोठ्या पाटबंधाऱ्यांमुळे अनियंत्रित केंद्रसत्ता निर्माण होते, असे त्यांचे प्रमेय होते. एडमंड लीच यांनी १९५९ मध्ये त्यास सिंहलद्वीपाच्या आधारे उत्तर दिले: गावचे तलाव गावकरीच राखतात, त्यांस राजाची गरज पडत नाही, राजधानी मोडली तरी गाव टिकू शकते. लीच यांचे म्हणणे गावापुरते खरे मानावे लागते, कारण शुष्क प्रदेशात काही गावे खरोखरच शेवटपर्यंत टिकून राहिली. परंतु फुटलेले मोठे तलाव पुन्हा बांधणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. हिवतापाने हा प्रदेश मुळात ओसाड पाडला, असे म्हणण्यापेक्षा ओसाड पडलेल्या प्रदेशात माणसास परतू दिले नाही, असे म्हणणे अधिक सयुक्तिक दिसते.

हिवताप हा शुष्क प्रदेशाचा रोग म्हणून ओळखला जाई. परंतु त्याने सर्वांत भीषण संहार केला तो त्या प्रदेशात नव्हे. १९३४ मध्ये नैर्ऋत्य मोसमी पावसाने दगा दिला. एरवी दुथडी वाहणाऱ्या नद्यांच्या वाळवंटांत डबकी तेवढी उरली आणि हिवतापाचा वाहक असलेल्या डासांस अंडी घालण्यास हवे तसे स्थिर, स्वच्छ, उन्हातील पाणी मिळाले. साथ उसळली ती केगल्ल व कुरुणेगल या, आर्द्र प्रदेशाच्या सीमेवरील दाट वस्तीच्या जिल्ह्यांत. तेथील लोकांस या रोगाची सवय नव्हती. १९३५ च्या अखेरीपर्यंत सुमारे ८०,००० माणसे दगावली. पाऊस जास्त झाल्याने शुष्क प्रदेशात जे होते, ते पाऊस न झाल्याने आर्द्र प्रदेशात झाले.

आर्द्र प्रदेश भरत गेला तो निराळ्या कारणांनी. दालचिनीसाठी पोर्तुगीज, त्यांच्यामागून डच, पश्चिम किनाऱ्यावर आले. इंग्रजांनी १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतल्यावर डोंगरात कॉफीचे मळे झाले. १८६९ मध्ये दिसलेल्या तांबेऱ्याने पुढील दोन दशकांत ते बुडविले व त्यांची जागा चहाने घेतली. मळ्यांवर राबण्यास तमिळनाडूतून मजूर आणले गेले. त्यांच्या वंशजांपैकी बहुसंख्यांचे नागरिकत्व १९४८ च्या कायद्याने हिरावले गेले आणि तो प्रश्न सुटण्यास अर्धशतकाहून अधिक काळ लागला. आगगाडी, बंदर, शाळा, कचेऱ्या यांची वाढ मळ्यांच्या मागोमाग झाली.

जाफन्याचा विचार वेगळा करावा लागतो. हा भाग शुष्क प्रदेशातच मोडतो. तेथे एकही नदी नाही, आणि मोठे तलावही नाहीत. तरीही तेथील तमिळ शेतकऱ्यांची वस्ती शतकानुशतके दाट राहिली, कारण पायाखालची चुनखडी. पावसाचे पाणी तिच्या भेगांत मुरते व खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराच्या गोड्या पाण्याच्या थरासारखे तरंगत राहते. विहिरीतून बेताने उपसले तर ते वर्षभर पुरते. यंत्राने अधाशीपणे उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. पंप आल्यापासून हे अनेक ठिकाणी घडले आहे, आणि रासायनिक खतांतील नायट्रेटही त्याच भेगांतून विहिरींत उतरले आहे. तेथे पाणी साठविण्याचे काम खडक स्वतः करतो. संयम तेवढा माणसास राखावा लागतो.

शुष्क प्रदेशाकडे परतण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात नेटाने झाला. मिन्नेरियाच्या जुन्या तलावाखाली १९३० नंतर वसाहत सुरू झाली. १९४६ पासून डी.डी.टी.ची फवारणी होऊ लागली, हिवताप हटला आणि दारे उघडली. १९६३ मध्ये सबंध देशात हिवतापाचे केवळ १७ रुग्ण आढळले. तेथेच यश गृहीत धरून दक्षता सैल झाली व काही वर्षांत रोग लाखोंच्या संख्येने परतला. हिवतापमुक्तीचे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रशस्तिपत्र देशास मिळाले ते २०१६ मध्ये. दरम्यान १९४९ मध्ये गल-ओया योजनेस प्रारंभ झाला आणि त्यानंतर महावेलीकडे लक्ष वळले. निसर्गाने दिलेली वाट पुरेशी नव्हती, कारण ती नदी पूर्वेस वळते, आणि अनुराधपुराचे मैदान तिच्या वायव्येस राहते. म्हणून कँडीजवळ पोलगोल्ल येथे बंधारा घालून सुमारे ८ कि. मी. लांबीच्या बोगद्यातून १९७६ मध्ये पाणी उत्तरेस वळविण्यात आले. ते टप्प्याटप्प्याने कलावेवमध्ये पडते, आणि तेथून धातुसेनाच्या काळापासून नाव सांगणाऱ्या जयगंगेनेच अनुराधपुरास जाते. १९७७ नंतर कामास वेग देण्यात येऊन कोटमले, व्हिक्टोरिया, रंदेनिगल व मदुरुओया ही धरणे एका दशकात उभी राहिली. व्हिक्टोरिया धरणाची उंची १२२ मी. आहे.

देशास वीज व तांदूळ मिळाला, हे निर्विवाद. पण रिकामी मानलेली भूमी सर्वत्र रिकामी नव्हती. दाट आर्द्र प्रदेशातून आणून वसविलेली कुटुंबे प्रामुख्याने सिंहली होती. पूर्वेकडील वसाहतींमुळे तेथील तमिळ व मुस्लिम वस्तीचे प्रमाण घटते, ही तक्रार गल-ओयापासूनच सुरू झाली आणि १९८३ ते २००९ या काळातील यादवीमागील कलहाच्या विषयांत तिचे स्थान होते. बी. एच. फार्मर यांनी १९५७ मध्येच या वसाहतींवरील आपल्या ग्रंथात त्यांचे गुणदोष तपशीलवार तपासले होते. १९९० नंतर उत्तरमध्य प्रांतात शेतकऱ्यांच्या मूत्रपिंडाचा एक चिवट विकार फार मोठ्या प्रमाणावर दिसू लागला. त्याचे कारण निश्चित झालेले नाही. परंतु तेथील विहिरींचे जड, फ्लोराइडयुक्त पाणी संशयितांपैकी एक आहे. प्राचीन काळी माणसे पिण्यासही मुख्यतः तलावाचे पाणी वापरीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

पोलगोल्लच्या बोगद्यात वळविलेले पाणी व्हिक्टोरियाच्या उंच धरणाखालील जनित्रांस मिळत नाही. उत्तरेच्या वाटेवरही लहान वीजघरे आहेत; पण तेवढ्याच पाण्यापासून तेथे मिळणारी वीज कमी असते. त्यामुळे कोलंबोची वीज आणि अनुराधपुराचा भात यांच्यात पाण्याची वाटणी दर हंगामापूर्वी करावी लागते. एप्रिलमध्ये कलावेवमध्ये किती पाणी आहे यावर उन्हाळी हंगामात किती एकर भात पेरावयाचा हे ठरते. पाणी कमी पडले की कलावेवखालील वसाहतींतील शेतकरी, ज्यांच्या जमिनी सरकारी मोजणीने समान चौकोनांत आखून दिलेल्या आहेत ते, अर्धी जमीन पेरतात व ती आपसांत वाटून घेतात. त्या वाटणीस ते बेत्मच म्हणतात.